समाजमंदिराची किल्ली

महाराष्ट्रातल्या बहुतेक गावांत आज एखादे तरी समाजमंदिर, सभामंडप किंवा सांस्कृतिक भवन आहे. मोठ्या गावात तर वस्तीगणिक एक आहे. यांतल्या काही इमारती वर्षभर नांदत्या असतात. तिथे बारसे होते, बचत गटाची बैठक भरते, सप्ताहाला आलेल्या कीर्तनकारांचा मुक्काम पडतो, पावसाळ्यात शाळेचे छप्पर गळू लागले की चौथीचा वर्ग तिथे हलतो. काही इमारती मात्र उद्घाटनानंतर दोन-चार वर्षांतच बंद पडतात. दाराला गंजलेले कुलूप, फुटलेली तावदाने, आत कोणीतरी रचून ठेवलेला कडबा, अशी त्यांची अवस्था होते. दोन्ही इमारतींचा आराखडा बहुधा एकच असतो, खर्चही जवळपास सारखा आणि निधीही एकाच योजनेतून आलेला असतो. त्यामुळे एक इमारत नांदते आणि दुसरी ओस पडते, याचे कारण बांधकामात शोधून सापडत नाही. ते आसपासच्या घरांत सापडते. किल्ली कोणाकडे आहे, कार्यक्रम आटोपल्यावर फरशी कोण धुते, वीजबिल थकले तर दारोदार कोण फिरते, यांवर त्या इमारतीचे आयुष्य ठरते. गावाचे सभागृह राखणे हे ते बांधण्याइतकेच सार्वजनिक काम आहे आणि आपण मात्र निधी, नियम आणि मान या तिन्ही गोष्टी केवळ बांधण्यालाच दिल्या आहेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

समाजमंदिर उभे कसे राहते ते पाहिले म्हणजे हा असमतोल ध्यानात येतो. पैसा येण्याच्या वाटा अनेक आहेत. खासदार निधी आहे, आमदार निधी आहे, गावोगावी ‘पंचवीस-पंधरा’ म्हणून ओळखले जाणारे ग्रामविकास विभागाचे २५१५ हे लेखाशीर्ष आहे, आणि अनुसूचित जाती व नवबौद्ध घटकांच्या वस्त्यांच्या विकासाची योजना आहे. आमदार निधी २०२२ मध्ये वर्षाला ५ कोटी रुपये झाला; खासदार निधी २०११-१२ पासूनच तेवढा आहे. एकदा काम मंजूर झाले की अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिका आणि पूर्णत्वाचा दाखला अशी रीतसर साखळी चालू होते, आणि प्रत्येक टप्प्यावर कोणीतरी जबाबदार अधिकारी सही करतो. पूर्णत्वाचा दाखला निघाला, ग्रामपंचायतीकडे हस्तांतरण झाले आणि स्थावर मालमत्तेच्या नोंदवहीत एक ओळ चढली, की ही साखळी संपते. दोष दायित्वाचा कालावधी, म्हणजे बांधकामातले दोष ठेकेदाराने दुरुस्त करून देण्याची मुदत, संपेपर्यंत त्याला निदान बोलावता तरी येते. त्यानंतर त्या इमारतीविषयी विचारणारे शासनात कोणी उरत नाही.

१९९३ साली आपल्या देशात दोन गोष्टी घडल्या. २४ एप्रिलला ७३वी घटनादुरुस्ती अमलात आली आणि पंचायतींकडे सोपवता येतील अशा २९ विषयांची अकरावी अनुसूची राज्यघटनेत दाखल झाली. तिच्यातला शेवटचा, २९वा विषय आहे सामुदायिक मालमत्तेची देखभाल. त्याच वर्षी २३ डिसेंबरला खासदार स्थानिक क्षेत्र विकास योजना सुरू झाली आणि टिकाऊ सामुदायिक मालमत्ता निर्माण करण्यासाठी थेट पैसा मिळू लागला. म्हणजे निर्मितीचा पैसा आणि देखभालीचे कर्तव्य ही दोन्ही एकाच वर्षी आली, पण वेगवेगळ्या दारांनी आली. निर्मितीचा पैसा लोकप्रतिनिधीच्या शिफारशीने येतो आणि त्याच्या नावाची कोनशिला बसते. देखभालीचे कर्तव्य ज्या ग्रामपंचायतीकडे आले, तिच्या घरपट्टीची वसुली अनेक ठिकाणी धड होत नाही. तीस वर्षांहून अधिक काळ आपण या दोहोंची गाठ घालून दिलेली नाही.

असे म्हणता येईल की नियमांत तरतूद आहेच. खासदार निधीच्या मार्गदर्शक सूचनांनुसार काम मंजूर करण्यापूर्वी जिल्हा प्राधिकरणाने वापरकर्त्या यंत्रणेकडून देखभालीची ठोस हमी घ्यायची असते. तरतूद चांगलीच आहे. पण ही हमी बहुधा एका छापील ठरावाच्या रूपाने दिली जाते. त्यावर सरपंचांची आणि ग्रामसेवकांची सही असते आणि तो प्रस्तावाच्या फायलीला जोडला जातो. पाच वर्षांत सरपंच बदलतात, ग्रामसेवकांची बदली होते. ठराव फायलीत राहतो. ज्या चार-सहा घरांच्या भरवशावर ती इमारत प्रत्यक्षात राखली जाणार असते, त्यांना त्या ठरावात काय लिहिले आहे हे कोणी वाचून दाखवलेले नसते, मग त्यांना विचारणे तर दूरच. हमी देणारा एक आणि निभावणारा दुसरा, अशी ही व्यवस्था आहे.

निभावणे म्हणजे नेमके काय, हे बाहेरच्या माणसाला सहज दिसत नाही. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका वाडीचे समाजमंदिर माझ्या डोळ्यांसमोर आहे. एका भिंतीला लोखंडी कपाट आहे आणि कपाटात वाडीची सामाईक भांडी आहेत. भाताचे मोठे टोप, आमटीचे पातेले, पराती, झारे, ओगराळी आणि स्टीलची ताटे, सगळ्यांवर मंडळाचे नाव कोरलेले आहे. दारामागे खिळ्याला एक दोनशे पानी वही अडकवलेली आहे. भांडी कोणी नेली, कोणत्या कार्यासाठी नेली, किती नेली, किती परत आली, पोचा कोणत्या टोपाला आला, याची नोंद त्या वहीत वेगवेगळ्या अक्षरांत सापडते. एका पानावर एका वाटीची तूट दाखवून पुढे ‘भरून दिली’ असे लिहिले आहे आणि खाली अंगठा आहे. किल्ली शेजारच्या घरात असते आणि त्या घरातल्या काकी गेली कित्येक वर्षे ती सांभाळतात. कोणी किल्ली मागायला आले की त्या स्वतः सोबत जातात, दिवे लावून दाखवतात, नळाला पाणी आहे की नाही ते पाहतात, आणि कार्य उरकल्यावर ताटे मोजून घेतात. मृगाच्या आधी पन्हळी साफ करणे, गणपतीच्या आधी रंगाचा हात देणे, शिमग्याच्या पालखीसाठी अंगण सारवून घेणे, ही कामे कोणाच्या आदेशाने होत नाहीत. वाडीच्या बैठकीत वार ठरतो आणि दर उंबऱ्यामागे एक माणूस येतो. ज्या घरातून येणे जमत नाही ते घर त्या दिवसाचा चहा पाजते.

कोकणातल्या अशा समाजमंदिरांना दुसरा एक आधार आहे, तो मुंबईचा. वाडीचे मंडळ मुंबईत असते, त्याची सभा एखाद्या चाळीतल्या गावकीच्या खोलीत भरते, आणि तिथे ठरलेल्या वर्गणीतून इकडचे पत्रे, फरशी, पाण्याची टाकी होते. गिरणी कामगारांच्या पिढीने ही पद्धत घालून दिली आणि गिरण्या बंद झाल्यानंतरही ती बऱ्याच ठिकाणी टिकली. मात्र ती आता थकत चालली आहे, हे मान्य केले पाहिजे. ज्यांनी कामावर खाडा करून वर्गण्या गोळा केल्या ते सत्तरीपार गेले. विरार-डोंबिवलीत वाढलेल्या त्यांच्या नातवंडांना गावच्या टोपांच्या संख्येशी काही देणेघेणे राहिलेले नाही. गावात राहिलेली घरेही म्हाताऱ्यांची आहेत. घाटावर चित्र वेगळे असले तरी दिशा तीच आहे. ऊसतोडीला गेलेली घरे सहा महिने बंद असतात आणि शिकलेली मुले तालुक्याच्या ठिकाणी खोली घेऊन राहतात. शेजारीपाजारी बघून घेतील हे गृहीत धरून ज्या व्यवस्था आपण उभ्या केल्या, तिथले शेजारीच कमी होत आहेत. म्हणूनच हा प्रश्न आज ऐरणीवर घ्यायला हवा.

या इमारतींनी एवढे काय मोठे साधते, असे शहरातल्या वाचकाला वाटू शकेल. मी एकच हिशेब मांडतो. गावाच्या समाजमंदिरात लग्न झाले तर जागेचे भाडे नाममात्र, भांडी मंडळाची, स्वयंपाकाला आचारी एक आणि हाताखाली भावकीतल्या बायाबापड्या, वाढपाला तरुण पोरे, आणि पंगत अंगणात. तेच लग्न रस्त्याकडेच्या लॉनवर किंवा मंगल कार्यालयात गेले की जागा, केटरर, मंडप-सजावट, वाहने असा प्रत्येक गोष्टीला वेगळा दर लागतो आणि तो अल्पभूधारकाला पेलत नाही. मग पतसंस्था, मायक्रोफायनान्स किंवा सावकार यांच्याकडे जावे लागते. ग्रामीण कर्जबाजारीपणाची चर्चा झाली की लग्नखर्चाचे नाव निघते आणि लोकांनी साधेपणाने लग्ने करावीत असा उपदेश केला जातो. साधेपणाने लग्न करायला जागा लागते. ती स्वच्छ असावी लागते, तिथे पाहुण्यांना, विशेषतः बायकांना वापरता येईल असे स्वच्छतागृह असावे लागते, पावसाचे दोन थेंब आले तर डोके झाकावे एवढे छत असावे लागते. गावाचे सभागृह ओस पडले की उपदेश ऐकणाऱ्यापुढे कर्जाशिवाय पर्याय उरत नाही. दुःखाच्या प्रसंगीही तेच. दहाव्याला जमलेली माणसे, लांबून आलेले सोयरे, तेराव्याचे जेवण यांना एका घराची पडवी पुरत नाही.

याखेरीज रोजचे उपयोग आहेत. ज्या अंगणवाडीला स्वतःची इमारत नाही ती अनेक गावांत समाजमंदिरात भरते. पोलिस भरतीची आणि स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या मुलामुलींनी वर्गणी काढून खुर्च्या-टेबले घेतली आणि अभ्यासिका सुरू केली, अशी उदाहरणे आता जागोजाग दिसतात. घरात दोन खोल्या आणि सहा माणसे असलेल्या मुलीला रात्री नऊपर्यंत शांत बसून वाचायला मिळणे ही केवढी मोठी गोष्ट आहे हे तिलाच माहीत. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा-पंचगंगेला महापूर आला तेव्हा कोल्हापूर-सांगलीकडच्या माणसांना शाळा, मंगल कार्यालये, देवळांचे सभामंडप अशा सामाईक छतांखालीच आसरा मिळाला. अशा वेळी त्या छताखाली पाणी, वीज आणि चुलीची जागा चालू स्थितीत आहे की नाही, हे आदल्या चार वर्षांत ते कोणी कसे राखले यावर ठरते.

माणसे एकत्र बसण्याच्या जागेतून गाव कसे घडते याची दोन उदाहरणे महाराष्ट्राला ठाऊक आहेत. राळेगणसिद्धीत अण्णा हजारे लष्करातून निवृत्त होऊन परतले ते १९७५ साली, आणि त्यांनी पहिले काम हाती घेतले ते यादवबाबांच्या पडक्या मंदिराच्या दुरुस्तीचे. स्वतःची पुंजी त्यांनी त्यात घातली, मग गावाचे हात लागले, आणि पुढे दारूभट्ट्या बंद करण्याचा निर्णय गावाने त्याच मंदिरात बसून घेतला. पाणलोटाची कामे नंतरची. आधी बसायला जागा झाली. दुसरे उदाहरण मला अधिक मोलाचे वाटते. गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) या गोंड गावाने, इंचमपल्ली आणि भोपालपट्टणम धरणांविरुद्धच्या आंदोलनानंतरच्या काळात, आपले परंपरागत घोटुल (तरुण मुलामुलींच्या एकत्र जमण्याची सामाईक इमारत) पुन्हा उभारायचे ठरवले. जंगलातले सागवान वापरून त्यांनी ते उभारले. वन विभागाने त्याला हरकत घेतली आणि ते पाडले. तेव्हा परिसरातल्या गावांनी एकत्र येऊन आपापल्या गावात घोटुल बांधायचे ठरवले आणि बारा गावांत ती उभी राहिली. विभागाला माघार घ्यावी लागली. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही या गावाची घोषणा पुढे देशभर पोहोचली, सर्वसहमतीने निर्णय घेण्याची त्याची रीत अभ्यासाचा विषय झाली आणि २००९ साली त्याला सामूहिक वनहक्क मिळाले. या प्रवासाच्या आरंभी एकत्र बसण्याच्या एका लाकडी इमारतीचा हट्ट होता, हे विसरता येत नाही. जी जागा गावाने भांडून मिळवली ती राखायची कोणी, हा प्रश्न मेंढ्यात कोणाला विचारावा लागला नाही.

दोन्ही ठिकाणी असामान्य माणसे होती, प्रत्येक गावाला ती कुठून मिळणार, असा आक्षेप घेतला जातो. तो रास्त आहे. म्हणूनच असामान्य माणसांवाचून चालेल अशी व्यवस्था हवी, असे मी म्हणतो. पण त्याआधी एका कठीण गोष्टीला सामोरे गेले पाहिजे.

गावातले शेजारपण ही सगळ्यांसाठी सारखी गोष्ट कधीच नव्हती. चावडीवर कोणी बसायचे, पारावर कोणी टेकायचे आणि कोणी लांब उभे राहायचे, हे जातीने ठरवलेले होते. आजही अनेक गावांत एकेका समाजाचे वेगळे सभागृह आहे, आणि गावाचे म्हणून जे आहे त्याची किल्ली प्रत्यक्षात एकाच आळीत फिरते. दलित वस्तीतल्या कुटुंबाने लग्नासाठी मुख्य सभामंडप मागितला तर स्पष्ट नकार मिळतोच असे नाही. तारीख आधीच दिलेली असते, दुरुस्ती निघालेली असते, भांडी दुसरीकडे गेलेली असतात. त्यामुळे ‘गावकरीच बघून घेतील’ हे वाक्य जेव्हा कोणी सहजपणे उच्चारते, तेव्हा त्या गावकऱ्यांत कोण धरले आहे हे विचारणे भाग आहे. सार्वजनिक पैशातून उभ्या राहिलेल्या प्रत्येक सभागृहाची दारे प्रत्येक रहिवाशाला एकाच दराने आणि एकाच नियमाने उघडली गेली पाहिजेत. आधी नोंदणी करील त्याला आधी, एवढा साधा नियम भिंतीवर रंगवला आणि नोंदवही कोणालाही पाहता येईल अशी ठेवली, तर सबबींना जागा कमी उरते. आणि नियम मोडला गेला तर पुढचा निधी थांबला पाहिजे.

राखणदारीचा उत्तम नमुना पाहायचा असेल तर तो अनेकदा याच वस्त्यांत मिळतो, हेही मी आवर्जून नोंदवतो. बुद्धविहार ही वंदनेची जागा असतेच, पण वस्तीचे सभागृह, वाचनालय आणि अभ्यासिकाही तिथेच असते. पावसाळ्यातल्या वर्षावासाच्या तीन महिन्यांत रोज संध्याकाळी ग्रंथवाचन होते, त्यासाठी पाळीपाळीने घरे ठरलेली असतात, झाडलोट आणि दिवाबत्ती त्या दिवसाच्या घराकडे असते. चौदा एप्रिलच्या वर्गणीचा हिशेब फळ्यावर लिहिला जातो. विदर्भात राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळांनी सामुदायिक प्रार्थनेच्या निमित्ताने हेच केले. रोज ठरल्या वेळी दार उघडते म्हणून इमारत जिवंत राहते. सरकारी सभागृहांना असे रोजचे निमित्त नसते, आणि वर्षातून चारदा उघडणाऱ्या खोलीत घुशी आणि वाळवी यांचेच राज्य होते.

ही राखण बहुतांशी बायका करतात. किल्ली घरात असते म्हणजे घरातल्या बाईकडे असते. झाडणे, धुणे, भांडी मोजणे, सतरंज्या उन्हात टाकणे, पाहुण्यांना पाणी देणे हे सगळे तिच्याकडे येते, आणि मंडळाच्या कार्यकारिणीत अध्यक्ष, उपाध्यक्ष, सचिव, खजिनदार म्हणून मात्र तिच्या नवऱ्याचे किंवा दिराचे नाव असते. कोनशिलेवर तर या घरातल्या कोणाचेच नाही. म्हणून लोकसहभाग वाढवा, श्रमदान वाढवा, अशी हाक शासन जेव्हा देते, तेव्हा ती कोणाच्या फुकट कष्टांवर विसंबून आहे हे उघड बोलले पाहिजे. स्वतःच्या आनंदाने, गावाच्या प्रेमाने केलेल्या कामाला पैशांत मोजू नये असे काही ज्येष्ठ मंडळी म्हणतात, आणि त्यांच्या भावनेविषयी मला आदर आहे. परंतु ग्रामपंचायतीचा शिपाई, पाणीपुरवठा कर्मचारी, रोजगार सेवक यांच्या कामाला मोल आहे आणि समाजमंदिर सांभाळणाऱ्या बाईच्या कामाला नाही, याला गावप्रेमाचे कारण पुरेसे नाही. माफक का होईना, ठरलेले मानधन तिला मिळाले पाहिजे आणि व्यवस्थापन समितीत तिचे नाव पहिले असले पाहिजे.

पैसा कुठून आणायचा, हा पुढचा प्रश्न. तो वाटतो तितका अवघड नाही. ग्रामपंचायतींना स्वतःच्या उत्पन्नातला ठरावीक हिस्सा मागासवर्गीयांसाठी १५ टक्के, महिला व बालकल्याणासाठी १० टक्के आणि दिव्यांगांसाठी ५ टक्के असा राखून ठेवावा लागतो. अंमलबजावणीत उणिवा असल्या तरी हिस्सा ठरलेला असल्यामुळे ग्रामसभेत त्याविषयी जाब विचारता येतो. सामुदायिक मालमत्तेच्या देखभालीसाठीही असाच किमान हिस्सा ठरवायला हवा. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळात ग्रामपंचायतींना दिलेल्या अनुदानातला ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छता यांना बांधलेला होता व ४० टक्के अबंधित होता. हा अबंधित भाग गावाने आपल्या गरजेप्रमाणे खर्चायचा होता, आणि तो बऱ्याच ठिकाणी पुन्हा नव्या बांधकामांकडेच वळला. याहून महत्त्वाचे म्हणजे, मंजुरीच्या वेळीच इमारतीच्या खर्चातला काही भाग बाजूला काढून त्याची मुदतठेव त्या सभागृहाच्या नावाने ठेवता येईल आणि तिच्या व्याजातून दरवर्षीची किरकोळ दुरुस्ती भागेल. त्यासाठी इमारत थोडी लहान झाली तरी चालेल. आज ज्या रकमेत मोठा पण पाण्याविना, स्वच्छतागृहाविना, स्वयंपाकाच्या ओट्याविना हॉल बांधला जातो, त्याच रकमेत आटोपशीर, सोयीचा आणि पुढची पंधरा वर्षे निभावेल असा हॉल होऊ शकतो. गाव स्वतः ठरवील तर तेच मागेल, अशी माझी खात्री आहे. मात्र आराखडा तालुक्याहून तयार येतो आणि गावापुढे फक्त जागा दाखवण्याचे काम उरते.

जागेचा विषय निघालाच आहे तर तोही स्पष्ट केला पाहिजे. एखाद्या भल्या गृहस्थाने आपल्या वावराचा तुकडा तोंडी शब्दावर दिलेला असतो, समाजमंदिर उभे राहते, वीस वर्षांनी तो गृहस्थ जातो आणि वारसांच्या वाटणीत ती जमीन पुन्हा वर येते. सातबारावर नाव मूळ मालकाचेच असते. मग कुलूप लागते, प्रकरण तहसीलदारांकडे जाते, तिथून न्यायालयात, आणि तोवर इमारतीची लाकडे सडतात. चांगल्या माणसाच्या दातृत्वाची अशी परवड होऊ नये, म्हणून बक्षीसपत्र नोंदवल्याशिवाय एक वीटही रचू नये. मंडळाची जागा असेल तर मंडळ नोंदणीकृत असावे, विश्वस्तांचे बदल वेळच्या वेळी धर्मादाय कार्यालयात नोंदवलेले असावेत. ही कामे कंटाळवाणी आहेत, पण गावात निवृत्त शिक्षक, पोस्टमन, बँकेतले कारकून असतात आणि कागदोपत्री कामाची त्यांना सवय असते. त्यांना हाताशी धरावे.

शासनानेच सगळे करावे किंवा गावानेच सगळे करावे, ही दोन्ही टोके मला अमान्य आहेत. शासनाने नेमलेला पगारी रखवालदार संध्याकाळी सहाला कुलूप लावून जाईल. रात्री अकराला कोणाच्या घरी माणूस गेला आणि सतरंज्या हव्या असल्या तर तो उठून येणार नाही. ते शेजारीच करतात आणि करत राहतील. पण शेजाऱ्यांनी स्लॅबचे वॉटरप्रूफिंग वर्गणीतून करावे, थकलेले वीजबिल पदरचे भरावे आणि न्यायालयात वकील द्यावा, ही अपेक्षा अन्यायाची आहे. छप्पर, वीज, पाणी आणि कागदपत्रे ही जबाबदारी ग्रामपंचायतीची, म्हणजे सार्वजनिक पैशाची. दार उघडणे, वापर ठरवणे आणि हिशेब ठेवणे ही समितीची. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या ४९व्या कलमानुसार ग्रामविकास समित्या नेमता येतात. त्यांतलीच एक या कामासाठी नेमावी, तिच्यात निम्म्याहून अधिक बायका आणि प्रत्येक वस्तीचा निदान एक माणूस असावा, आणि तिने वर्षाचा जमाखर्च ग्रामसभेत वाचून दाखवावा. वाचून दाखवणे यावर माझा भर आहे, कारण फलकावर चिकटवलेला कागद पावसात जातो आणि ऐकलेला आकडा चार माणसांच्या लक्षात राहतो.

दरवर्षी गांधी जयंतीच्या सुमारास पुढच्या वर्षाचा ग्रामपंचायत विकास आराखडा तयार करण्याचे काम सुरू होते. ग्रामसभेपूर्वी महिला सभा घ्यायची असते, तिच्यात आलेल्या मागण्या आराखड्यात घ्यायच्या असतात. नव्या सभागृहाची मागणी पुढे आली, तर त्याच बैठकीत असलेल्या सभागृहाची पाहणी आधी मागावी. छत गळते का, जागा कोणाच्या नावावर आहे, वीजबिल कोणाच्या नावाने येते, गेल्या वर्षात किती दिवस दार उघडले आणि कोणाकोणाला मिळाले, याची उत्तरे इतिवृत्तात लिहून घ्यावीत. दुरुस्तीचा अंदाज नव्या बांधकामाच्या अंदाजाशेजारी ठेवून मगच मतासाठी हात वर करावेत. आणि नवे बांधायचेच ठरले, तर किल्ली कोणती बाई सांभाळणार, तिला मानधन कोणत्या शीर्षाखाली मिळणार, हे त्याच ठरावात नाव घालून लिहावे आणि त्या बाईला तो ठराव सर्वांसमक्ष वाचून दाखवून तिची संमती घ्यावी.